फ्लायव्हील नेमकं करतं काय? जुन्या डिझेल इंजिनाच्या जड चाकावरून, हिशोबासकट

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. मोटर फ्लायव्हील फिरवते, फ्लायव्हील जनरेटर फिरवतं, जनरेटर परत मोटर चालवतो आणि वर दोन बल्बही लागतात असले व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेत. ते खोटं आहे, टेबलाखाली कुठेतरी वायर असते. फ्लायव्हील ऊर्जा तयार करत नाही, एक ज्यूलही नाही. नळाला सकाळी तासभर पाणी येतं आणि घरात दिवसभर लागतं म्हणून आपण टाकी बांधतो, तेवढंच काम फ्लायव्हीलचं. टाकी कितीही मोठी बांधली तरी नळाचं पाणी वाढत नाही, उलट थोडं गळतंच. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जुनं स्लो स्पीड सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन, दोन्ही बाजूंना मोठी बिडाची चाकं असलेलं. इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ साली हे सीएस (कोल्ड स्टार्ट) मॉडेल काढलं, त्यातलं ५ हॉर्सपॉवरचं ६०० आरपीएमला (मिनिटाला ६०० फेरे), पुढे ६ हॉर्सपॉवरचं ६५० आरपीएमला, आणि त्याच्या नकला राजकोटला इतक्या बनल्या की आज जगभरचे हौशी लोक ओरिजिनलपेक्षा राजकोटवालीच जास्त उघडून बसलेले दिसतात. आपल्याकडे खेडोपाडी लाईट पोचायच्या आधी विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी आणि गुऱ्हाळाचा चरक अशाच इंजिनांवर चालायचा.

चार स्ट्रोकमध्ये कमाईचा एकच

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या मागेपुढे हालचालीचं फिरणं करणारा वाकडा दांडा, दोन पूर्ण फेरे मारतो तेव्हा एक पॉवर स्ट्रोक येतो. म्हणजे चार अर्ध्या फेऱ्यांतली फक्त एक अर्धी फेरी पिस्टन क्रँकला ढकलतो, बाकी तीन वेळा क्रँकच पिस्टनला ओढत-ढकलत असतो. हवा आत घे, दाब, धूर बाहेर टाक. त्यातही दाबायचं काम डिझेलमध्ये भारी असतं, कारण हवा इतकी दाबायची की तिच्या गरमीनेच डिझेल पेटलं पाहिजे. मग ती दाबायला ताकद कोण देतं? मागच्या पॉवर स्ट्रोकमध्ये चाकात साठवलेली असते ती. चाक काढून टाकलं तर इंजिन एक ठोका मारेल आणि पुढच्या कॉम्प्रेशनला अडकून उलटा झटका देऊन बंद पडेल.

६५० आरपीएमला मिनिटाला ३२५ पॉवर स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला ५.४ ठोके. प्रत्येक ठोक्याला चाकाचा स्पीड थोडा वाढतो, मग पुढच्या ठोक्यापर्यंत थोडा उतरतो. चाक जेवढं जड तेवढा हा चढउतार कमी. चढउतार शून्य कधीच होत नाही, आणि स्पीड न बदलता चाकाने ऊर्जा द्यावी हे शक्यच नाही, देताना ते थोडं मंदावणारच.

गव्हर्नर आणि फ्लायव्हील यात लोक गोंधळ घालतात म्हणून इथेच सांगतो. फ्लायव्हील एका ठोक्याच्या आतला चढउतार सांभाळतं. लोड वाढला, समजा गिरणीत धान्य जास्त पडलं, तर डिझेल वाढवायचं काम गव्हर्नरचं. इंजिन काही सेकंद पळतं आणि काही सेकंद बसतं असं सारखं होत असेल तर चाक जड करून उपयोग नाही, गव्हर्नरच्या लिंका आणि स्प्रिंग बघा.

तुमच्या चाकाचा हिशोब असा करा

टेप घ्या आणि चाक मोजा. मी एक उदाहरण घेतो, बाहेरचा व्यास ६० सेंटीमीटर, कड्याचा म्हणजे रिमचा आतला व्यास ४४ सेंटीमीटर, रुंदी १० सेंटीमीटर. आरे आणि मधला हब सोडून द्या, ते वजनाला दिसतात पण कामाला फारसे येत नाहीत, का ते लगेच कळेल.

पहिलं रिमचं वजन. बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग वजा आतल्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले रुंदी, सगळं मीटरमध्ये. ०.०९ वजा ०.०४८४ म्हणजे ०.०४१६, त्यावरून घनफळ येतं ०.०१३१ घनमीटर. बीड घनमीटरला साधारण ७२०० किलो भरतं, म्हणजे रिम ९४ किलोचं.

दुसरं, जडत्वाचा आकडा, ज्याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. वजन गुणिले दोन्ही त्रिज्यांच्या वर्गांची सरासरी. ९४ गुणिले ०.०६९२ म्हणजे ६.५. दोन चाकं आहेत म्हणून १३. इथे त्रिज्येचा वर्ग येतो हे लक्षात घ्या, म्हणून मधे घातलेला किलो आणि कडेला घातलेला किलो यात जमीन अस्मानाचा फरक. मध्यापासून दुप्पट लांब ठेवलेलं वजन चौपट काम करतं. हब जाड करून "चाक हेवी केलं" म्हणणाऱ्यांनी नुसता बेअरिंगवरचा भार वाढवलेला असतो.

तिसरं, स्पीड. आरपीएम गुणिले ६.२८ भागिले ६०. ६५० ला ६८ येतो. चाकातली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले जडत्व गुणिले या स्पीडचा वर्ग, म्हणजे अर्धा गुणिले १३ गुणिले ४६३३, साधारण ३०,००० ज्यूल.

आता हे ३०,००० म्हणजे किती ते बघा. ९ वॅटचा एलईडी बल्ब त्यावर कागदावर पंचावन्न मिनिटं लागेल, तेही कुठेच काही वाया गेलं नाही असं धरून. विजेच्या एका युनिटचा एकशेविसावा भाग झाला हा. नुसत्या रिमचंच जवळपास दोन क्विंटल बीड फिरतंय आणि साठा एवढाच. फुकट विजेचे व्हिडिओ बघताना हा आकडा जवळ ठेवा. इंजिनाचा पूर्ण लोड, म्हणजे साडेचार किलोवॅट, या चाकांवर टाकला तर सात सेकंदाच्या आत सगळा साठा संपतो.

मग एवढा थोडा साठा पुरतो कसा? कारण काम फक्त एका ठोक्यापुरतं आहे. ६ हॉर्सपॉवर म्हणजे ४४७४ वॅट, भागिले ५.४ ठोके, म्हणजे एका सायकलचं काम ८२६ ज्यूल. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोकला चाकातून जी जास्तीत जास्त घेवाणदेवाण होते ती या ८२६ च्या साधारण दुप्पट धरतात, मशीन डिझाइनच्या पुस्तकातल्या तक्त्यात १.९३ हा आकडा असतो. (चार सिलिंडरला तोच आकडा ०.०६६ आहे, म्हणून कारचं फ्लायव्हील एवढंसं असतं.) म्हणजे १६०० ज्यूल. याला जडत्व गुणिले स्पीडचा वर्ग, म्हणजे ६०,२००, याने भागा. उत्तर आलं २.६ टक्के. ६५० मधे सतरा आरपीएमचा चढउतार, प्रत्येक सायकलला.

हा चांगला की वाईट ते कामावर ठरतं. पंपाला ३ ते ५ टक्के चालतो, पाण्याला काही कळत नाही. पिठाच्या गिरणीला २ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे आपलं चाक थोडं हलकं पडतंय. खडी क्रशरला २० टक्केही चालतात. आणि वीज बनवायची असेल तर पाव-अर्धा टक्का सांगतात, म्हणून अशा इंजिनाला अल्टरनेटर जोडला की जुना पिवळा बल्ब ठोक्यासोबत लुकलुकतो, सेकंदाला पाचवेळा होणारी लुकलुक डोळ्याला फार त्रास देते. लिस्टरनेही लाईटच्या सेटला म्हणूनच जास्त जड चाकं दिली होती. पट्ट्याने अल्टरनेटर चालवत असाल तर दुसरा उपाय असाही आहे की अल्टरनेटरच्या शाफ्टवर एक लहान फ्लायव्हील बसवायचं, तिथे स्पीड १५०० असतो त्यामुळे थोड्या वजनात काम होतं.

तो स्पीडचा खेळ फार मोठा आहे. तेवढीच हॉर्सपॉवर १५०० आरपीएमला काढली तर ठोके जास्त येतात आणि प्रत्येक ठोक्याचं काम कमी होतं, वर स्पीडचा वर्ग. हिशोब केला तर तेवढ्याच चढउताराला जडत्व बाराव्या भागाचं पुरतं. किर्लोस्करचं १५०० आरपीएमचं ५ हॉर्सपॉवरचं एव्ही वन बघा आणि शेजारी जुनं लिस्टर टाईप ठेवा, दोघांची चाकं बघून हे लगेच पटेल.

स्पीडची हद्द, ही गंमत नाही

वरचं वाचून कोणाच्या तरी डोक्यात येणारच की मग जुनंच मोठं चाक १५०० वर फिरवू, ऊर्जा पाचपट मिळेल. करू नका. बीड दाबाला मजबूत आहे पण ओढीला कच्चं, आणि फिरणारं रिम स्वतःला बाहेर ओढत असतं, स्पीडच्या वर्गाच्या हिशोबाने. बिडाच्या चाकाला जुना नियम असा की कडेचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आत ठेवायचा. आपलं ६० सेंटीमीटरचं चाक ६५० ला सेकंदाला २० मीटर जातं, आरामात. तेच १५०० ला ४७ मीटर. कास्टिंगमधे एखादा पोकळ बुडबुडा किंवा जुनी तडा असली की ते फुटतं, आणि फुटलं की तुकडा पत्र्यातून, विटेतून आरपार जातो. १५०० आरपीएमला बिडाचं चाक साधारण ३८ सेंटीमीटरच्या वर नको, त्याहून मोठं पाहिजे तर स्टीलचं करून घ्या.

याच कारणाने गव्हर्नर काढून इंजिन "जरा पळवून बघू" हा प्रकार कधीच करू नये.

जुनं चाक भंगारातून घेताना

पुसून घ्या, तेल-ग्रीस सगळं काढा. मग चाक दोरीने किंवा चेनने लटकवा, जमिनीवर ठेवून नाही, आणि लहान हातोडीने रिमला टकटक करा. घंटेसारखा खणखणीत आवाज लांबत गेला तर ठीक. भद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे, मग शोधा. हबपाशी, कीवेच्या (चावीच्या खाचेच्या) कोपऱ्यातून बाहेर जाणारी आणि आरा जिथे रिमला मिळतो तिथली जागा आधी बघायची. साधी पद्धत म्हणजे रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटं सोडायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर रेघ उमटते. हबला तडा असलेलं चाक फुकट दिलं तरी घेऊ नका, आणि बिडाच्या रिमला वेल्डिंग मारून देतो म्हणणाऱ्याला हात जोडा. नवं कास्टिंग करून घेणं शेवटी स्वस्त पडतं, कोल्हापूरकडे फाउंड्र्यांना तोटा नाही.

बॅलन्सबद्दल एक महत्त्वाचं. नुसतं चाक दोन लेव्हल केलेल्या पट्ट्यांवर शाफ्ट घालून ठेवलं की जड बाजू खाली येते, मग तिथे ड्रिल मारून वजन काढतात, हे सगळ्यांना माहिती असतं. पण सिंगल सिलिंडर इंजिनाच्या चाकात बऱ्याचदा एका बाजूला मुद्दाम जास्त वजन ओतलेलं असतं, क्रँक आणि पिस्टनच्या झटक्याला तोलायला. ते वजन "अनबॅलन्स" समजून काढलं तर इंजिन फाउंडेशनसकट नाचायला लागतं. दोन आऱ्यांमधली जागा भरलेली दिसली किंवा रिम एका बाजूला आतून जाड असेल तर हात लावू नका, आणि बसवतानाही दोन्ही चाकांचं ते वजन क्रँकपिनच्या विरुद्ध बाजूला येतंय ना ते बघा.

बसवणं

शंभर किलोच्या वरचं चाक आहे, दोघांनी उचलून बसवू हा शहाणपणा नको, चेन ब्लॉक लावा. शाफ्ट आणि बोअर (हबचं भोक) दोन्ही साफ, कडेचे काटे म्हणजे बर काढलेली, पातळ तेलाचा हात. चाक हाताने सरकत गेलं पाहिजे, डगडगायला नको. ढिलं असेल तर पत्र्याची पट्टी घालायची सवय फार लोकांना आहे, ती पट्टी महिनाभरात चुरा होते, बोअर करून बुश घालणं हाच उपाय.

खरं कौशल्य चावीत आहे, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पाचरीत. या इंजिनांना गिब की असते, डोकं असलेली, वरच्या बाजूला शंभरास एक असा उतार दिलेली. ती वर आणि खाली दोन्हीकडे पूर्ण लांबीत टेकली पाहिजे. शेंदूर तेलात कालवून चावीला लावा, हलकी ठोका, काढा, जिथे घासलेलं दिसेल तिथे कानस मारा, परत ठोका. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो, पण इथे घाई केली तर इंजिन ठक-ठक करायला लागतं आणि लोक त्याला बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) समजून सगळं इंजिन उघडतात. लिस्टर टाईपमधे आवाज आला की आधी चाव्या बघा, मग बेअरिंग. चावी पूर्ण बसल्यावर तिच्या डोक्यात आणि हबमधे बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर पुढे काढताना पाचर कुठे घालणार? पंधरावीस मिनिटं चालवून, बंद करून, परत एकदा ठोकून घ्या.

नंतर डीकॉम्प्रेशन लिव्हर (ती उचलली की हवा दाबली जात नाही) उचलून चाक हाताने फिरवा आणि रिमजवळ एक टोकदार सळी पक्की धरून ठेवा. चाक डुलतंय का ते दिसतं. माझ्या मते अर्ध्या मिलिमीटरच्या वर डुलत असेल तर चावी चुकीची बसून चाक तिरकं ओढलं गेलंय, काढून परत करा.

चालू आणि बंद करताना

लिव्हर उचला म्हणजे कॉम्प्रेशन होत नाही, हँडलने चाक जोरात फिरवा, वेग आला की लिव्हर सोडा. इंजिन पेटतं ते हातातल्या जोरावर नाही, चाकात तुम्ही भरलेल्या ऊर्जेवर, म्हणून लिव्हर लवकर सोडली की दमछाक होते आणि काहीच होत नाही. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, मूठ वळून धरू नका, उलटा झटका आला तर हँडल हातातून सुटून जाईल, अंगठा मोडणार नाही.

चाकाच्या रेषेत उभं राहू नका. साडीचा पदर, ओढणी, उपरणं, लोंबणारी बाही, काहीच जवळ नको, आणि चावीचं डोकं तर हमखास कापड पकडतं, त्यावर पत्र्याचं झाकण करा. बंद करायचं ते डिझेल तोडून. फळी लावून चाक थांबवायचं नाही, ३०,००० ज्यूल तुमच्या मनगटात येतात. डिझेल तोडल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं, पूर्ण थांबेपर्यंत पट्ट्याला हात नाही.

बाकी कुठे कुठे असतं

इंजिनात इंजिन झटके मारतं आणि काम सरळ असतं. पॉवर प्रेसमधे उलटं, मोटर सरळ असते आणि काम झटक्याचं. ५ मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीत २० मिलिमीटरचं भोक पाडायला साधारण अकरा टन जोर लागतो, पण काम बघायला गेलं तर २७५ ज्यूलच्या आसपास, आणि ते सेकंदाच्या विसाव्या भागात उरकतं. सरळ मोटरने करायचं तर त्या क्षणाला साडेपाच किलोवॅट पाहिजेत. चाक असलं की मिनिटाला तीस भोकांना सरासरी दीडशे वॅटही लागत नाहीत, घर्षण धरून एक हॉर्सपॉवरची मोटर पुरते. प्रेसचं चाक प्रत्येक ठोक्याला दहा-पंधरा टक्के मंदावतं, ते तसंच अपेक्षित आहे. खडी क्रशरच्या दोन मोठ्या चाकांचं हेच. हाताच्या कडबाकुट्टीचंही हेच, तिथे तर पाती चाकालाच लावलेली असतात, म्हणून काम झालं की चाक खिळ घालून अडकवून ठेवा, लहान मुलं फिरवून बघतात आणि बोटं जातात.

कारमधे हे चाक झटके सांभाळणं, क्लचची बैठक आणि स्टार्टरची दाती अशी तीन कामं एकाच वेळी करतं. जुन्या बुलेटचा जड क्रँक लो स्पीडला बंद न पडता ठुकठुक चालतो त्यामागे हेच, आणि पिकअपला मंद वाटते त्यामागेही हेच. हलकं फ्लायव्हील लावून गाडी "फास्ट" होते म्हणतात, ती पटकन रेज होते एवढं खरं, ताकद तीच राहते.

साठा म्हणून वापरायचे प्रयत्नही झालेत. स्वित्झर्लंडमधे १९५० च्या दशकात ओर्लिकॉनने जायरोबस चालवली, खाली दीड टनाचं चाक ३००० आरपीएमला, स्टॉपवर वीज घेऊन चाक फिरवायचं आणि पाचसहा किलोमीटर जायचं, तेवढंच. इंग्लंडमधल्या कलहमच्या जेट या फ्यूजन यंत्राला क्षणभरासाठी जेवढी वीज लागायची तेवढी ग्रिडमधून ओढता येत नव्हती म्हणून ७७५ टनांचे दोन रोटर आधी फिरवून ठेवायचे. न्यूयॉर्क राज्यात स्टीफनटाउनला २०११ पासून दोनशे फ्लायव्हीलचा २० मेगावॅटचा प्लांट आहे, कार्बन फायबरची चाकं, निर्वात डब्यात, चुंबकाच्या बेअरिंगवर, १६,००० आरपीएमपर्यंत. तिथेही काम मिनिटांचं आहे, ग्रिडची फ्रिक्वेन्सी वरखाली झाली की देणं-घेणं. डेटा सेंटरच्या फ्लायव्हील यूपीएसला तर पंधरावीस सेकंदच सांभाळायचे असतात, तोवर डिझेल जनरेटर लोड उचलतो. रात्रभर घराचे दिवे चालवायचे असतील तर बॅटरीच घ्या.